ईश्वर दयाळू असेल, तर जगात दुष्टता का?

प्रश्न: माणसाला इच्छास्वातंत्र्य दिल्यामुळे जगात दुष्टता आहे, असे आस्तिक सांगतात, पण १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, पोर्तुगालची राजधानी लिस्बनमधील चर्च भूकंपाने प्रार्थना करणाऱ्यांवरच कोसळली, त्यात कोणाची इच्छा होती?

प्रतिसाद १: अमेरिकी तत्त्वज्ञ ॲल्विन प्लांटिंगा यांच्या मते, स्वतंत्र माणसाकडून केवळ सत्कृत्येच घडवून घेणे सर्वशक्तिमानालाही शक्य नसेल, कारण घडवून घेतलेले कृत्य स्वतंत्र उरत नाही. भूकंपाबाबत ते सैतानासारख्या अमानवी स्वतंत्र शक्तींची शक्यता मांडतात. तर्काला ती पुरते, मनाला मात्र पटत नाही.

प्रतिसाद २: वेदान्ताचा आधारग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांनुसार ईश्वर पक्षपाती वा निर्दय नाही, कारण सृष्टीतील विषमता जीवांच्या अनादि कर्मावर अवलंबून आहे. तरीही तान्ह्या बाळाच्या वेदनेला पूर्वजन्म जबाबदार धरणे मला कठोरच वाटते.

प्रश्नकर्ता: कर्म अनादि असेल, तर ते ईश्वराने निर्माण केलेले नाही, मग त्याला सर्वकर्ता कसे म्हणावे?