मदत हवी आहे: बाहेर उणे ६१, मग विमानाचं इंधन गोठत कसं नाही?

गेल्या आठवड्यात बाबांना घेऊन शिकागोहून दिल्लीला आले. निघण्याआधी खिडकीतून पंखाखाली इंधनाची गाडी दिसत होती, काळ्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत ‘जेट ए’. बाबांनी विचारलं, हे काय? मी शोधून सांगितलं, केरोसीनच, फक्त जास्त शुद्ध. झालं! बाबांनी तीस वर्षं रेशनचं दुकान चालवलंय, नरसाळं लावून निळं रॉकेल मापून दिलंय. "एवढं धूड रॉकेलवर उडतं?" हे त्यांनी शेजारच्या अनोळखी माणसालाही ऐकवलं.

अडचण पुढे आली. वाचलं ते असं: अमेरिकेत जेट ए भरतात, गोठणबिंदू उणे ४०. इतरत्र बहुतेक ठिकाणी जेट ए-१, उणे ४७. कडाक्याच्या थंडीसाठी नॅफ्था (पेट्रोलसारखं हलकं तेल) मिसळलेलं जेट बी, पण ते पटकन पेटतं म्हणून फारसं वापरत नाहीत. आणि समोरच्या स्क्रीनवर बाहेरचं तापमान उणे ६१! बाबा म्हणाले, "मग टाकीत आत्ता डालडा झाला असणार." मला उत्तर देता येईना. पंखात हीटर असतो का?

प्रतिसाद

डालडा अगदी बरोबर! केरोसीनचा एकदम दगड होत नाही, आधी मेणाचे कण धरतात. पण पंखातल्या टाक्यांना हीटर नसतो. ताशी ९०० किमीच्या वेगात हवा दाबली जाऊन तापते, त्यामुळे बाहेर उणे ६१ असलं तरी पंखाला लागते साधारण उणे ३० ची. त्यात हजारो लिटर इंधन निवायला तास न् तास लागतात. टाकीचं तापमान वैमानिकासमोर असतं. बोइंग ७७७ मध्ये ते गोठणबिंदूच्या निदान ३ अंश वर राखायचं, म्हणजे जेट ए असेल तर उणे ३७. त्याच्या जवळ जायला लागलं की वेग वाढवायचा, नाहीतर खालच्या उबदार हवेत यायचं.

खरा वैरी पाणी. १७ जानेवारी २००८ ला बीजिंगहून आलेलं ब्रिटिश एअरवेजचं ७७७ लंडनच्या हीथ्रो विमानतळावर धावपट्टीअलीकडेच आदळलं. सगळे वाचले. इंधन उणे ३४ पर्यंतच गेलं होतं, गोठलं नव्हतंच. त्यात किंचित असलेल्या पाण्याचा बर्फ झाला आणि त्याने इंजिनाकडे जाणारी वाट तुंबवली.

धागाकर्ती

खूप आभार! बाबांना वाचून दाखवलं. डालड्यावर खूश आहेत. पण आता नवीन प्रश्न: "भेसळ कळावी म्हणून रेशनच्या रॉकेलात निळा रंग घालतात, मग यात का नाही?" आहे का कुणाकडे उत्तर?