मदत हवी आहे: ९० टक्के पैसे 'समाधानकारक चालल्यावर', सही करू का?

नमस्कार मंडळी. कोथरूडला आम्ही दोघं सॉफ्टवेअरची कंत्राटी कामं करतो, एक मुलगा पगारावर आहे. भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं काम आलंय: स्टोअरचा साठा, डिस्पॅच आणि टॅलीशी (हिशेबाच्या सॉफ्टवेअरशी) जोडणी. चार महिने, ६ लाख अधिक जीएसटी.

काम मनापासून करावंसं वाटतं. तिथे अर्धा दिवस बसलो होतो. स्टोअरकीपर काका कार्बन घालून चलन लिहितात, मग तेच आकडे रजिस्टरात, आणि संध्याकाळी ऑफिसातली मुलगी तेच टॅलीत भरते. तिसऱ्या प्रतीवर ३ आहे की ८, हे विचारायला ती माझ्यादेखत दोनदा खाली आली.

अडलंय ते अटींवर. १० टक्के ॲडव्हान्स, उरलेले ९० टक्के 'सिस्टीम समाधानकारक चालू झाल्यावर ६० दिवसांनी'. समाधान कोणाचं, कशावरून, ते कुठेच नाही. उशीर झाला तर आठवड्याला २ टक्के दंड. त्यांच्याकडूनच आयटमची यादी दोन महिने आली नाही तर? सोर्स कोड (आम्ही लिहिलेला मूळ प्रोग्रॅम) मात्र पहिल्या दिवसापासून त्यांच्या ताब्यात.

मालक सज्जन आहेत. विषय काढला तर म्हणाले, "अहो, मी कुठे पळून चाललोय?" मला उत्तर सुचलं नाही. मागच्या वर्षी दुसऱ्या एका ग्राहकाकडे १ लाख ८० हजार असेच अडकले. भांडण नव्हतं, फक्त 'पुढच्या आठवड्यात बघू'. बिल दिलेलं, म्हणून जीएसटी पदरचा भरला. मुलाचा पगार थकू नये म्हणून बायकोची एफडी मोडली. इथे तर शेवटचं बिल ५ लाख ४० हजारांचं, त्यावर ९७,२०० जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायचा, पैसे येवोत न येवोत.

टप्पे कसे पाडू? आणि काम हातचं न घालवता हे बोलू कसं?

प्रतिसाद:
आधी उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करा, फुकट आहे, आणि सहीच्या आधी करा. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाहीत, करारात ६० लिहिले तरी. पुढे गेले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. काम दिल्यावर १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर ते स्वीकारलं असं धरतात.

पण कायदा मालकांच्या तोंडावर फेकू नका. "तुमच्या सीएंना एकदा विचारा" एवढंच म्हणा. मुदत उलटून वर्षअखेरपर्यंतही न दिलेली रक्कम देणाऱ्याला आयकरात त्या वर्षी खर्चात धरता येत नाही, हे १ एप्रिल २०२४ पासून सगळ्या सीएंना पाठ आहे.

मी ३० टक्के सहीला घेतो (ॲडव्हान्सवरही जीएसटी लागतो, तो वरून मागा), ३० साठ्याला, ३० टॅली जोडणीला, १० शेवटी. एका वेळी एका टप्प्याहून जास्त अडकता कामा नये. 'समाधान' हा शब्दच काढा. गेल्या महिन्याची ५० चलनं टाकायची, टॅलीशी आकडे जुळले की टप्पा संपला. दंडाला ५ टक्क्यांची कमाल मर्यादा घाला, आणि त्यांच्याकडून माहिती यायची असेल तेवढे दिवस मोजायचे नाहीत. कोडवरचा हक्क शेवटच्या पैशांबरोबर जाईल, असं लिहा. लेखी दिल्याशिवाय कॉपीराइट तुमचाच राहतो. मात्र पैसे थकले की बंद पडेल असं छुपं कुलूप कोडात घालू नका. कारखान्याचं डिस्पॅच अडलं तर वाद तुमच्याच अंगावर येईल.

धागाकर्ता:
मनापासून आभार. उद्यम नोंदणी आजच केली. सोमवारी भोसरीला जातोय, पण मालकांकडे जायच्या आधी स्टोअरमध्ये. ती ५० चलनं कोणती, ते काकांसोबत बसून ठरवतो.