अँजिओप्लास्टीनंतर तीन जिने चढू द्यावेत का? (तातडीने मदत हवी आहे)

पेठेतला: बाबांना रविवारी सदाशिव पेठेतल्या घरी परत न्यायचे आहे, घर तिसऱ्या मजल्यावर असून इमारतीला लिफ्ट नाही. सध्या ते कोथरूडला ताईकडे तळमजल्यावर आहेत आणि ‘मला माझ्या घरी न्या’ हा त्यांचा धोशा चालू आहे. जिने चढले तर चालेल की नाही, एवढेच कृपया सांगावे.

मुठाकाठ: हृदयविकाराचा झटका कधी आला, स्टेंट (धमनी उघडी ठेवणाऱ्या जाळ्या) किती बसवले, टू-डी एकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाचे पंपिंग किती टक्के आले, इतर धमन्यांत अडथळे उरले आहेत का, यांतले काहीच न सांगता उत्तर कसे द्यावे?

पेठेतला: बारा दिवस झाले, स्टेंट एक, पंपिंग 40 टक्के. बसल्या बसल्या मध्येच दम लागतो, पण तो अशक्तपणा असावा.

टेकडीप्रेमी: माझे बायपास झाल्यावर चौथ्या महिन्यात मी पर्वतीच्या 103 पायऱ्या चढू लागलो आणि त्यानेच बरा झालो. उगाच घाबरवू नका.

मुठाकाठ: आपला चौथा महिना आणि त्यांचा बारावा दिवस यांची तुलना कशी होईल? बसल्या जागी लागणारा दम हा जिन्यापेक्षा मोठा प्रश्न आहे. आडवे झाल्यावर तो वाढतो का, पायांवर सूज आहे का, टिकाग्रेलोर ही रक्ताची गुठळी रोखणारी गोळी चालू आहे का? तिनेही काहींना दम लागतो.

सावधान: छातीत कळ आली, तर रुग्णाला स्कूटरवर बसवून न नेता 108 ला फोन करावा. जोरजोरात खोकल्याने झटका थांबतो, हा व्हॉट्सॲपवरचा संदेश खोटा आहे.

पेठेतला: ते मी विचारलेले नाही. सूज नाही, आडवे झाल्यावर दम वाढत नाही. टिकाग्रेलोर 90 मिलिग्रॅमची, दिवसातून दोनदा आहे. मग ती बंद करून पाहू का?

औषधवाली: कृपया परस्पर बंद करू नका, नव्या स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होऊन पुन्हा झटका येऊ शकतो, म्हणूनच या गोळ्या साधारणपणे वर्षभर देतात. या गोळीने काहींना दम लागतो हे खरे आहे आणि गरज वाटल्यास डॉक्टर ती बदलूनही देतात, परंतु पंपिंग 40 टक्के, म्हणजे कमी असताना दम गोळीचा की हृदयाचा, हे तपासल्याशिवाय कळणार नाही. आजच डॉक्टरांना फोन करा; दम वाढला तर थेट रुग्णालय गाठा. जिन्याचेही त्यांनाच विचारा, आणि परवानगी मिळाली तरी प्रत्येक मजल्यावर एक खुर्ची ठेवा.

टेकडीप्रेमी: खुर्चीचे मात्र पटले.

पेठेतला: डॉक्टरांनी उद्या सकाळी बोलावले आहे. रविवारचे रद्द केले. बाबांना अजून सांगितलेले नाही.