नेलगनमधून एकाच्या जागी दोन खिळे सुटतात, काय करावं?

मकरपुरा_पॅलेट
नमस्कार मंडळी. बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) आमचं पाईनच्या पॅलेट आणि पेट्यांचं छोटं काम आहे. ट्रान्सफॉर्मरचे सुटे भाग, व्हॉल्व्ह असा माल त्यातून जातो. बाबांच्या वेळी सगळं हातोडीवर होतं. मी तीन वर्षांपूर्वी कंप्रेसरच्या हवेवर चालणाऱ्या दोन नेलगन घेतल्या, कॉइलच्या, म्हणजे तारेने जोडलेल्या खिळ्यांची गुंडाळी बसते त्या. एका पॅलेटला सत्तरेक खिळे लागतात, त्यामुळे आता परत हातोडीवर जाणं जमणारं नाही.

मंगळवारी माझा भाचा, वय १९, ठोकळ्यावर पट्टी ठोकत होता. एक खिळा बसला, गन उसळली आणि खाली टेकताच दुसरा सुटला. तो गाठीवर आदळून वळला आणि ठोकळ्याच्या बगलेतून बाहेर आला. नेमका तिथेच त्याचा डावा हात. अंगठा आणि बोटाच्या मधली कातडी फाटली, तीन टाके पडले. हाड वाचलं. तेवढा ठोकळा मी कापून टेबलावर ठेवलाय. ५० मिलिमीटरचा खिळा मासे धरायच्या गळासारखा वाकलाय, आणि कॉइलच्या तांबूस तारेचा तुकडा त्याला अजून चिकटून आहे. ताईला सांगायला मला दोन दिवस लागले.

दुकानदार म्हणतो, "प्रेशर कम करो, कंई नहीं थाय." पण प्रेशर कमी केलं की खिळ्याची टोपी वर राहते, म्हणून तर पोरांनी ते ८ बारवर नेलं होतं. शिवाय एका गनच्या ट्रिगरपाशी सारखी हवा फुसफुसते. कंप्रेसर २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीच्या पुरात बुडाला होता, तेव्हा तो आमच्या समा भागातल्या घरी तळमजल्यावर होता. मोटर रिवाइंड करून घेतली, टाकी बाहेरून रंगवली. त्याचा काही संबंध असेल का? दोन्ही गन सध्या कपाटात कुलपात आहेत.

दांडियाबाजार_फिटर
गन कुलपात ठेवल्या हे फार चांगलं केलंत. मी पॅकिंगच्या कारखान्यात मेंटेनन्सला २६ वर्षं काढली, नेलगन शेकड्यांनी खोलल्या. दोन खिळे सुटणं हा बिघाड नाही, गन जशी बनवलीय तशीच चाललीय. म्हणूनच मला जास्त काळजी वाटते.

पोरगा ट्रिगर दाबून धरतो आणि नाक, म्हणजे गनचं खिळा सुटतो ते टोक, लाकडावर आपटत पुढे जातो, बरोबर? या ट्रिगरवर तसं चालतं. नाक टेकलं की खिळा. पण प्रत्येक खिळ्याला गन उसळते, आणि बोट ट्रिगरवरच असलं तर ती परत टेकताच दुसरा सुटतो. माणसाला बोट काढायला वेळच मिळत नाही. एकेरी ट्रिगरमध्ये आधी नाक टेकवायचं, मग ट्रिगर ओढायचा, आणि पुढच्या खिळ्यासाठी दोन्ही सोडून परत पहिल्यापासून. उसळून टेकली तरी खिळा सुटत नाही. काही गनना त्याची कळ असते, काहींना वेगळा ट्रिगर-सेट मिळतो. गनवरचा मॉडेल नंबर दाखवून मागा. मिळालाच नाही तर गन बदला. तीन टाक्यांवर निभावलं, एवढंच म्हणतो.

आता स्पष्ट विचारतो, राग मानू नका. पोरांना मजुरी नगावर देता का? नगावर असेल तर तुम्ही कितीही सांगा, पोरगा ट्रिगर दाबूनच ठेवणार, कारण त्याला पॅलेटमागे पैसे दिसतात. आमच्याकडे ठोकणाऱ्यांना रोजावर घेतलं, नगाचा हिशोब फक्त कापणी आणि रचणीला ठेवला. माझ्या मते त्या एका बदलाने हात वाचले, गॉगल आणि पाट्यांनी नाही. गॉगल अर्थात हवाच, आणि कानात बोळेसुद्धा. गनचा आवाज रोज ऐकून माझा उजवा कान अर्धा गेलाय.

ठोकळा हातात धरायचाच नाही. पट्ट्या-ठोकळे बसतील असा लाकडी फर्मा करा, शिकंजाने आवळा. मोकळा हात नाकापासून निदान एक फूट लांब. गाठ दिसली की खिळा दोन बोटं बाजूला घ्यायचा.

प्रेशरबद्दल. गनच्या अंगावर कमाल आकडा छापलेला असतो, तो ओलांडायचा नाही. बहुतेकांचा ७ ते ८ बारच्या आसपास असतो. भंगार लाकडावर ५ पासून सुरू करून टोपी लाकडाशी समतल बसेल तेवढंच वाढवायचं. त्यातूनही टोपी वर राहत असेल तर दोष गनच्या पोटात आहे. पिस्टनची ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) सुकली असेल नाहीतर ठोकणाऱ्या पात्याचं टोक झिजलं असेल. तुमची ट्रिगरपाशी फुसफुसणारी हवा म्हणजे ट्रिगर-व्हॉल्व्हची ओ-रिंग. गन मोकळी असताना वरच्या एक्झॉस्टमधून हवा येत असती तर डोक्याकडच्या ओ-रिंगवर संशय घेतला असता. रोज सकाळी हवेच्या तोंडात न्यूमॅटिक टूलच्या तेलाचे दोन-तीन थेंब. इंजिन ऑइल नाही, गंज सोडवायचा स्प्रे नाही. पेट्रोल-रॉकेलने धुऊ नका, रबर फुगतं.

पुराचा संबंध आहे. टाकीच्या बुडाचा नळ रोज संध्याकाळी उघडता? पावसाळ्यात बडोद्याची हवा किती दमट असते तुम्हाला माहीत आहे. ते पाणी टाकीत साचतं, पाइपातून गनमध्ये जातं, तेल धुऊन नेतं. पाणी तांबडं येत असेल तर टाकी आतून गंजतेय. दाब-चाचणी करून घ्या, आणि पत्रा पातळ निघाला तर ठिगळ वेल्ड करू नका, टाकी बदला. सेफ्टी व्हॉल्व्हची रिंग ओढून बघा, जाम तर नाही ना.

आणि आज एक गोष्ट कराच. गनच्या बाजूला पाइपचा कोणता तुकडा आहे ते बघा. गनवर साधा नर तुकडा हवा, म्हणजे पाइप काढला की आतली हवा निघून जाते. झडपेचा मादी कपलर (पाइप जोडायचा तुकडा) गनवर बसवला असेल तर पाइप काढल्यावरही गन भरलेली राहते. आणि अडकलेला खिळा काढायला माणूस तेव्हाच बोटं पुढे घालतो.

वाडी_सिस्टर
मी कॅज्युअल्टीत नर्स आहे. खिळा हातात रुतला तर जागेवर उपटू नका, पकडीने तर मुळीच नाही. त्यावर गोंदाचा थर असतो, सोबत तारेचे तुकडे आत जातात, आणि शिरेजवळ असेल तर काढताक्षणी रक्त थांबत नाही. आहे तसा हात कापडात हलणार नाही असा बांधा आणि घेऊन या, एक्स-रे काढल्याशिवाय आतलं कळत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते लक्षात ठेवून सांगा. भाच्याच्या बोटांना मुंग्या येत असतील किंवा अंगठा पूर्ण वाकत नसेल तर टाके काढायची वाट न बघता दाखवा.

फर्निचर_गोत्री
फिटरकाका, एकेरी ट्रिगरने काम फार रेंगाळतं हो. सपाट पट्ट्या सरळ ठोकायच्या असतील आणि माणूस मुरलेला असेल तर आपटून चालायला काय हरकत आहे? मी दहा वर्षं तसाच ठोकतो.

दांडियाबाजार_फिटर
भाऊ, तुमचा हात मुरलेला असेल, पण गाठ लाकडाच्या आत असते, ती तुम्हालाही दिसत नाही. आणि हा १९ वर्षांचा पोरगा आहे.

मकरपुरा_पॅलेट
काका, सिस्टर, मनापासून आभार. मजुरी नगावरच होती. तुम्ही विचारलंत आणि मला रात्रभर झोप आली नाही. या सोमवारपासून ठोकणारे तिघेही रोजावर आहेत. एका गनला एकेरी ट्रिगर मिळाला, दुसरी परत केली.

काल कपलर बघितला. गनवर मादीच होता. पाइप काढला, गन रिकाम्या ठोकळ्यावर टेकवली, ट्रिगर ओढला. खिळा आरपार गेला, पाइप बाजूला जमिनीवर पडलेला असताना. भाचा शेजारीच उभा होता, हाताला पट्टी बांधलेली. म्हणाला, "मामा, मी रोज असाच पाइप काढून अडकलेला खिळा बोटाने उकरायचो."

टाकीचा नळ उघडला तर चहाच्या रंगाचं दोन लोटे पाणी आलं. शनिवारी चाचणीला नेतोय. भाच्याचा अंगठा पूर्ण वाकतो, सिस्टर, मुंग्या नाहीत.