मदत हवी आहे: टेक्सासचं रद्द झालेलं खजिनदारपद

नमस्कार मंडळी,

ह्यूस्टनच्या आमच्या वाचनगटात पुढच्या महिन्यात मला बोलायचंय. विषय मीच हौसेने ओढवून घेतला: टेक्सास राज्याचा खजिनदार, म्हणजे 'स्टेट ट्रेझरर'. आता अडकलेय.

आपल्याकडे अर्थमंत्री कोण हे मुख्यमंत्री ठरवतात. इथे तिजोरी सांभाळणारा माणूस लोक थेट निवडून द्यायचे, १८७६ च्या राज्यघटनेतच तशी तरतूद होती. जेसी जेम्स (तो दरोडेखोर नव्हे!) १९४१ ते १९७७ या खुर्चीत होते. त्यांच्यानंतर वॉरन जी. हार्डिंग, हेही राष्ट्राध्यक्ष नव्हेत. मग १९८२ ची निवडणूक जिंकून अ‍ॅन रिचर्ड्स आल्या, त्या पुढे गव्हर्नर झाल्या.

खरी गंमत शेवटच्या खजिनदार मार्था व्हाइटहेड यांची. रिचर्ड्सनंतर खजिनदार झालेल्या के बेली हचिसन १९९३ मध्ये अमेरिकेच्या सिनेटवर गेल्या, तेव्हा गव्हर्नर असलेल्या रिचर्ड्सनी व्हाइटहेडना नेमलं. १९९४ मध्ये बाई मतं मागायला उभ्या राहिल्या त्या 'मला निवडून द्या, मी हे पदच बंद करते' असं म्हणत. आणि निवडून आल्या! त्याच निवडणुकीत खुद्द रिचर्ड्स गव्हर्नरपदासाठी जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्याकडून हरल्या. नोव्हेंबर १९९५ मध्ये मतदारांनी घटनादुरुस्ती मंजूर केली आणि १९९६ च्या सप्टेंबरात सगळं काम कम्प्ट्रोलरकडे, म्हणजे राज्याच्या मुख्य हिशेबनीसाकडे गेलं. स्वतःची खुर्ची मोडायला निघालेला राजकारणी मला तरी दुसरा आठवत नाही.

माझा प्रश्न इथे आहे. कम्प्ट्रोलर कर गोळा करतो, हिशेब ठेवतो. पैसा मात्र तेव्हा खजिनदाराच्या ताब्यात असायचा, म्हणजे एकाचं दुसऱ्यावर लक्ष. आता दोन्ही एकाच हातात. पद वाचवू पाहणाऱ्यांनी हा मुद्दा मांडला होता का? की 'खर्च वाचेल' एवढ्यावरच मतदान झालं? राज्याचा ऑडिटर विधिमंडळाच्या समितीला उत्तरदायी असतो, तेवढा अंकुश पुरतो का, यावरही वाचायला आवडेल.

त्या वेळी टेक्सासात मतदान केलेलं इथे कुणी आहे का? प्रचाराचं जे आठवेल ते लिहा, तुटक असलं तरी चालेल. ऑस्टिनच्या राज्य अभिलेखागारात कुणी जुने कागद पाहिले असतील, तर आधी काय मागवायचं तेही सांगा. मिनेसोटानेही हे पद २००३ मध्ये बंद केलं, त्याबद्दलचे दुवेही द्या. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.