मदत हवी आहे: कॅफे कॉफी डेचा ताळेबंद कसा वाचायचा?

नमस्कार मंडळी,

भाची टीवायबीएमएसला (मॅनेजमेंट पदवीच्या तिसऱ्या वर्षाला) आहे, नौपाड्यात आमच्याकडेच राहते. प्रोजेक्टला कॅफे कॉफी डे घेतलंय. वरवरची गोष्ट सोपी: १९९६ मध्ये बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर पहिला कॅफे, २०१५ मध्ये ३२८ रुपयांनी आयपीओ, २०१९ मध्ये संस्थापक व्ही. जी. सिद्धार्थ यांचा मृत्यू, मग त्यांच्या पत्नी मालविका हेगडे यांनी कारभार हाती घेतला.

घोडं अडलंय आकड्यांपाशी. बाजारात नोंदवलेली कंपनी कॉफी डे एंटरप्रायझेस. कॅफे चालवते तिची उपकंपनी, कॉफी डे ग्लोबल. शिवाय लॉजिस्टिक्स, बंगळुरूचं टेक पार्क, माइंडट्री या आयटी कंपनीतला हिस्सा, सगळं तेव्हा एकाच छत्राखाली होतं. मार्च २०१९ चं सुमारे ७,२०० कोटींचं कर्ज या अख्ख्या गोतावळ्याचं. बातम्या मात्र अशा, जणू कॉफीनेच बुडवलं! मला काही ते पटत नाही. माइंडट्रीतला हिस्सा एल अँड टीला आणि पार्क ब्लॅकस्टोनला विकल्यावर कर्ज झपाट्याने उतरलं, हेही बघा ना.

फक्त कॅफेंचा नफा-तोटा काढायला वार्षिक अहवालातला सेगमेंटचा (प्रत्येक व्यवसायाचे वेगळे आकडे देणारा) तक्ता पुरेल, की कॉफी डे ग्लोबलचा ताळेबंद एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) पोर्टलवरून पैसे भरून काढावा? ग्रुपमधल्या सीए मंडळींनी कृपया सांगा.

आणि २००० च्या आसपासची आर्थिक वर्तमानपत्रं ठाणे-वाशीत कुठे चाळायला मिळतील? मराठी ग्रंथ संग्रहालयात जुने अंक ठेवतात का? सरांनी विकिपीडिया चालणार नाही म्हणून बजावलंय आणि सबमिशन गणपतीच्या आधी आहे.