सनावळ्या गाळू नका, आधी माणसं दाखवा

सहावी-सातवीच्या मुलांना प्राचीन जगाचा इतिहास रटाळ वाटतो म्हणून सनावळ्याच काढून टाका, हे मला पटत नाही. आधी माणसं दाखवा. इजिप्तमध्ये राजांची थडगी खोदणाऱ्या कामगारांचं हजेरीपत्रक सापडलंय. इ.स.पू. १२५० च्या सुमाराचं, चुनखडीच्या चपट्या तुकड्यावर लिहिलेलं. सध्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तारखा काळ्या शाईत, गैरहजेरीची कारणं वर लाल शाईत: विंचू चावला, डोळे दुखतात, आईचं प्रेत गुंडाळायचंय, बिअर बनवायचीय! (मुलांना हे फार आवडतं.) मग विचारा, ही नोंद कोणी ठेवली असेल? कशासाठी? आणि त्यावरचं ‘वर्ष ४०’ हे इजिप्तचा राजा दुसरा रामसेस याच्या कारकिर्दीचं मानतात. कालगणना शिकवायची ती इथे.